ॲव्हरेजकाका

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी पेढा घेतात, रंग छान आहे म्हणतात, एखादा आत बसून सीट पुढेमागे सरकवून बघतो. ॲव्हरेजकाका यातलं काही करत नाहीत. ते गाडीभोवती एक चक्कर मारतात, पेट्रोलच्या झाकणापाशी थांबतात आणि विचारतात, “टाकी फुल केलीस?” आपण हो म्हणतो. मग खरा प्रश्न येतो. “कशी केलीस?”

टाकी फुल करण्याच्या पद्धती असतात आणि त्यातली आपली चुकीची होती, हे आपल्याला त्या क्षणी कळतं.

असे काका प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ऑफिसात आणि लग्नाच्या प्रत्येक पंगतीत असतातच. मारुतीने ‘कितना देती है’ ही जाहिरात या मंडळींकडे बघूनच केली असणार. पण जाहिरातीतला माणूस प्रश्न विचारून उत्तरावर समाधान मानतो, तसं काकांचं नाही. तुम्ही “वीस देते” म्हणालात की त्यांची उलटतपासणी सुरू होते. वीस शहरात की हायवेला? एसी लावून की न लावता? टाकी ते टाकी मोजलंत की समोरच्या स्क्रीनवर बघून सांगताय? स्क्रीनवर बघून म्हणालात तर ते तुमच्याशी पुढे बोलत नाहीत. जिलबी वाढणाऱ्याकडे वळतात.

आमच्या काकांचा पंप ठरलेला आहे. पंपावरचं मशीन ठरलेलं, मशीनची बाजू ठरलेली. तिथल्या फरशीला किंचित उतार आहे आणि गाडी दोन हात पुढे उभी राहिली तर टाकीच्या एका कोपऱ्यात हवा अडकून पेट्रोल कमी बसतं, असा त्यांचा शोध आहे. म्हणून पुढचं चाक पिवळ्या पट्ट्याला टेकलंच पाहिजे. पहिल्या खेपेला टेकलं नाही तर गाडी मागे घेतली जाते. मागे रिक्षा असते. रिक्षावाला काय बोलतो ते इथे देत नाही.

“झिरो बघा, काका,” पंपावरचा पोरगा म्हणतो. बाकीची गिऱ्हाइकं गाडीत बसल्या बसल्या मान हलवतात. काका खाली उतरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि झिरो बघतात. मग नोझल आत जातं आणि काका कान देतात. पेट्रोल मध्यम धारेनेच सुटलं पाहिजे, चाप पूर्ण दाबायचा नाही. जोरात सोडलं की फेस येतो आणि फेस आला की ऑटोकट वेळेआधीच पडतो. हा ऑटोकट कसा चालतो हे काकांकडूनच ऐकावं, मुठीचं नोझल करून ते फार छान समजावतात. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीतली पातळी भोकापर्यंत आली की हवा बंद होते, आत पोकळी तयार होते, एक पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. ना वीज, ना सेन्सर. “पण त्या भोकाला फेस आणि पेट्रोल यातला फरक कळत नाही,” काका म्हणतात, “म्हणून तो माणसाला कळायला हवा.” असं म्हणून ते पंपावरच्या पोराकडे बघतात.

खट्.

आता देशातल्या झाडून सगळ्या पंपांवर जे होतं ते इथेही होऊ घातलेलं असतं. पोराचा हात सवयीने पुन्हा चापावर जातो. मशीनवर अठराशे सदतीस रुपये बेचाळीस पैसे दिसत असतात आणि हा विचित्र आकडा त्याला बघवत नसतो.

“राउंड करू, काका?”

“हात काढ!”

मागचे सगळे हॉर्न क्षणभर थांबतात. त्या एका ‘राउंड’ने मागच्या टाकीचा आणि या टाकीचा काठ वेगळा झाला असता आणि महिन्याभराची मेहनत गटारात गेली असती, हे त्या पोराला माहीत नसतं असं नाही. काकांनी त्याला ते आधी सांगितलेलं असतं. पण हात हा हातच. यूपीआय आल्यापासून मात्र काकांचं आयुष्य बरंच सुधारलं आहे. पूर्वी सुट्ट्या पैशांपायी राउंड करावंच लागायचं. त्या काळातल्या नोंदींसमोर त्यांच्या वहीत पेन्सिलीची फुली आहे.

पुढचं सोपं. ट्रिपमीटर शून्यावर आणायचा, महिनाभर गाडी चालवायची, पुन्हा त्याच पंपावर, त्याच मशीनवर, त्याच पिवळ्या पट्ट्याशी उभं राहून ऑटोकटपर्यंत भरायचं आणि चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचं. हे कुणालाही जमेल, पण ते कुणाला जमत नाही असं काकांचं मत आहे आणि त्यात तथ्य आहे. आमच्या इमारतीतला एक तरुण पाच लिटर टाकून, पाच लिटरचं ॲव्हरेज काढून आनंदाने नाचत होता. काकांनी त्याला जिन्यात गाठलं. ऑटोकट कधी अर्धा लिटर आधी पडतो, कधी नंतर. पाच लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे दहा टक्क्यांची चूक, आणि पस्तीस लिटरमध्ये तोच अर्धा लिटर जेमतेम दीड टक्का. “म्हणजे तू नाचलास तो ऑटोकटवर,” काका म्हणाले, “गाडीवर नाही.”

पाचशेच्या ऐवजी पाचशेदहाचं पेट्रोल टाकणाऱ्यांची त्यांना कीव येते. गोल आकड्यांवर मशीन सेट करून ठेवलेलं असतं, अशी त्या लोकांची श्रद्धा. दुसरा पंथ पहाटवाल्यांचा. गार पेट्रोल आकसलेलं असतं, लिटरला जास्त मिळतं, म्हणून हे लोक साखरझोप मोडून पंपावर जातात. आकसण्याचं खरं आहे, दहा अंशांमागे टक्काभर फरक पडतो. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि पहाट झाली हे तिला कळत नाही. काका त्यांना हे सांगत नाहीत. निदान पहाटे रस्त्यात गर्दी नसते, तेवढंच त्यांचं ॲव्हरेज वाढेल, असा त्यांचा उदार विचार असतो.

एकदा मात्र त्यांना पंपाचाच संशय आला. पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर समोर मोजून दाखवावं लागतं. काकांनी मागितलं. मॅनेजर आला, माप आलं, दोन माणसं बघायला थांबली. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंत इकडेतिकडे चालतं. काका मापाच्या मानेशी डोळा लावून बसले. माप बरोबर निघालं. पुढचे दोन दिवस काका उदास होते.

त्यांच्या उदासीचं मुख्य ठिकाण मात्र घराच्या मागेच आहे. काका कोथरूडला राहतात. त्यांच्या गॅलरीतून वेताळ टेकडी दिसते आणि टेकडीवर आहे एआरएआय, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. देशभरातल्या गाड्यांच्या जाहिरातींत ॲव्हरेजच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत जिचं नाव असतं ती हीच संस्था. पुणेकर टेकडीच्या त्या बाजूला सरळ एआरएआय टेकडीच म्हणतात. काका रोज सकाळी तिथे फिरायला जातात. आवाराशी आले की थांबतात, काठी उचलतात आणि सोबतच्या माणसाला म्हणतात, “इथे बावीस निघतं. टेकडी उतरलं की सतरा.”

आता यात त्या संस्थेचा काही दोष नाही, हे मी त्यांना अनेक परींनी सांगून बघितलं आहे. तिथे गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. ती रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात आणि गाडी जागच्या जागी असते. समोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि चालवणाऱ्याने निमूट त्या रेघेवर राहायचं. आधी पंधरा, मग थांबा, मग बत्तीस, मग थांबा, मग पन्नास. हे चारदा. शेवटी हायवेचा तुकडा, त्यातही वेग ताशी ९०च्या पुढे नाही. सगळं मिळून वीसेक मिनिटांत आटोपतं. एसी बंद. मध्येच रिक्षा घुसत नाही, स्पीडब्रेकर नाही, खड्डा नाही, वरात नाही, मागच्या सीटवर “जरा थांबा, केळी घेऊ” म्हणणारं कुणी नाही. आणि पेट्रोल किती गेलं ते टाकीत बघतही नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांमध्ये साठवतात, त्यात किती कार्बन आहे ते मोजतात आणि तेवढा कार्बन निघायला किती पेट्रोल जळलं असेल याचा हिशेब करतात. शास्त्र म्हणून हे अगदी चोख आहे, ऑटोकटच्या खटक्यापेक्षा कितीतरी नेमकं.

काका हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पाहुणा किती जेवला ते त्याच्या ढेकरांवरून ठरवायचं.”

या चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी असतो. सगळ्यांना तोच रोलर, तीच रेघ, तेच तापमान. तुमच्या गाडीला रस्त्यावर तेवढंच पडेल असं वचन त्यात कुणी दिलेलं नसतं. उलट काकांचा आकडा काकांच्या गाडीचा, काकांच्या उजव्या पायाचा आणि कोथरूड ते मंडई या रस्त्याचा. तो शंभर टक्के खरा आहे आणि दुसऱ्या कुणाला काडीच्या उपयोगाचा नाही. टेकडीवरचा आकडा कुणाच्याच गाडीला पडत नाही, म्हणूनच तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. हे मी काकांना एवढंच नीट मांडून सांगितलं होतं. ते म्हणाले, “तू त्यांच्याकडे नोकरीला आहेस का रे?”

कागदावरच्या आकड्यांशी काकांचं वैर जुनं आहे. ते एका सरकारी खात्यात हिशेबाच्या टेबलावर होते आणि खात्याच्या जिपांची लॉगबुकं त्यांच्या सहीने पास होत. प्रत्येक जिपेला ॲव्हरेज मंजूर असायचं, लिटरला अमुक किलोमीटर. काकांच्या सगळ्या नोकरीत एकाही जिपेने मंजूर आकड्याच्या वर किंवा खाली जायचा उद्धटपणा केला नाही. पावसाळा असो, घाट असो, क्लच जळालेला असो, साहेबांच्या मुलीचं लग्न असो. एक जीप महिनाभर गॅरेजात विटांवर उभी होती, त्या महिन्यातही तिने चोख दहा दिलं. काका सही करत गेले. घरी येऊन काकूंना एकेका जिपेच्या गोष्टी सांगत गेले. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली, एक पांढरी हॅचबॅक, आणि शोरूममधून परत येताना वाटेत थांबून एक लांब वही घेतली.

त्या वहीचं वर्णन करायलाच हवं. तारीख, मीटर, चाललेले किलोमीटर, लिटर, दर, रक्कम, ॲव्हरेज, आजवरचं एकूण ॲव्हरेज आणि शेवटी रुंद ठेवलेला ‘शेरा’ हा रकाना. सगळी वाचनीयता त्या शेवटच्या रकान्यात आहे. ‘चांदणी चौक, दीड तास.’ ‘पाहुणे. एसी.’ ‘गणपती. लक्ष्मी रस्ता टाळूनही.’ ‘मागच्या डाव्या चाकात हवा २६, कुणाच्या लक्षात नाही.’ आणि दर दोन नोंदींआड एकदा, ‘सौ. भाजी.’

आजवरचं एकूण ॲव्हरेज काढताना ते दर महिन्याच्या आकड्यांची बेरीज करून भागत नाहीत. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. हा मुद्दा त्यांनी जावयाला फार प्रेमाने शिकवला. जावई इंजिनिअर. ते म्हणाले, “जाताना वीस पडलं, येताना दहा, म्हणजे पंधरा.” काका म्हणाले, “जायला शंभर किलोमीटर, पाच लिटर. यायला शंभर, दहा लिटर. दोनशेला पंधरा लिटर. किती झाले?” जावयांनी मोबाइल काढला. तेरा पॉइंट तीन. तेव्हापासून जावई आले की काका त्यांना चहाबरोबर एखादं गणित घालतात आणि ते हल्ली येतात तेच रात्री उशिरा, जेवायच्या वेळेला.

मोजण्याची ही हौस मात्र गाडीबरोबर आलेली नाही. त्याआधी काकांकडे आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक होती. तिला पेट्रोलचा काटा नव्हता, होता तो रिझर्व्हचा कॉक. गाडी आचके द्यायला लागली की खाली हात घालून कॉक फिरवायचा. कॉक फिरवूनही चालू होईना तर स्कूटर आडवी करून, पुन्हा उभी करून, किका मारायच्या. काकांची युक्ती अशी की रिझर्व्हला आली त्या जागी मोजून एक लिटर टाकायचं आणि पुन्हा रिझर्व्हला येईपर्यंत किती चालली ते बघायचं. फुल टाकीपेक्षा ही पद्धत किती शुद्ध होती, हे ते आजही हळहळून सांगतात. त्याहून शुद्ध त्या काळचे मेकॅनिक. ते टाकीची नळी काढून टाकत आणि हँडलला खुणा केलेली बाटली उलटी टांगत. बाटलीत शंभर मिलिलिटर पेट्रोल. बाटली रिकामी होऊन स्कूटर बंद पडेपर्यंत चालवायची आणि आलेल्या अंतराला दहाने गुणायचं. मग मेकॅनिक स्क्रू पाव आटा फिरवणार आणि पुन्हा बाटली. भर दुपारी कर्वे रस्त्यावर बंद पडलेली स्कूटर ढकलत हसतमुखाने येणारा माणूस दिसला की तो ॲव्हरेज काढून येतोय हे लोक ओळखायचे.

काकूंना गाडी येते. काकांपेक्षा बरी येते, असं सोसायटीत बोललं जातं. पण त्यांच्या गाडी चालवण्यावर काकांचा तात्त्विक आक्षेप आहे. मंडईत जायचं म्हणजे चार-पाच किलोमीटर. इंजिन गार असतं, गार इंजिन जास्त पेट्रोल पितं, ते तापून ताळ्यावर येतंय तोवर मंडई येते. परत येताना पुन्हा तेच. “तुझ्या मेथीने माझा पॉइंट तीन खाल्ला,” काका वहीत बघत म्हणतात. काकू म्हणतात, “मग तुम्ही पॉइंट तीनच जेवा.”

वजनावरून तर घरात महाभारत झालं आहे. काकांची बहीण श्रीवर्धनला असते. मे महिन्यात परत निघताना तिने डिकीत फणस टाकले, नारळ टाकले, वर कोकमाचं पिंप ठेवलं. काकांचा चेहरा उतरत गेला. माणगावपर्यंत ते काही बोलले नाहीत. पुढे ताम्हिणी घाट. घाट चढायचा म्हणजे डिकीतला प्रत्येक किलो स्वतःच्या पेट्रोलने वर उचलायचा. घाटाच्या पायथ्याशी काकांनी गाडी बाजूला घेतली आणि जाहीर केलं की एक फणस पिकलेलाच आहे, तो इथेच फोडून खाऊ, मग वर जाऊ. काकू म्हणाल्या, “पोटातून नेला तरी वजन तेवढंच भरणार आहे.” काका स्टेअरिंगवर बोटं वाजवत विचार करत राहिले. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून निघाले. आठळ्या टाकता आल्या असत्या, हे त्यांना पौड आल्यावर सुचलं.

उताराला काका कित्येक वर्षं न्यूट्रल टाकत. कात्रज, खंबाटकी, खंडाळा, उतार लागला की गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची, ही त्यांच्या पिढीची कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. शेवटी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने त्यांना धक्का दिला. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रल टाकलं की इंजिन चालू ठेवायला बिचाऱ्याला पेट्रोल सोडावं लागतं. वर ब्रेक तापतात ते वेगळंच. “म्हणजे काका, तुम्ही उताराला पेट्रोल वाचवत नव्हता, जाळत होता.” कुठल्याही माणसाने हे कबूल केलं नसतं. काकांनी केलं, कारण ते आकड्याला धरून होतं. फक्त घरी येऊन वहीच्या मुखपृष्ठाच्या आत त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘मागील सर्व घाट वाया.’

अलीकडे त्यांच्या वहीत एक नवा शेरा येतो, ‘ऊस.’ पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि काकांच्या आकड्याला उतार लागला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली असली तर फरक कमी पडतो, काकांची जुनी, तिला जास्त जाणवतो. एवढं समजलं की दुसरा कुणी सरकारला शिव्या देऊन मोकळा झाला असता. काकांची अडचण अशी की काकूंचं माहेर पेठ नाक्याच्या पुढे आहे, मेहुण्यांचा ऊस आहे आणि तो ज्या कारखान्याला जातो तिथे डिस्टिलरी आहे. दिवाळीला काकांनी पानावर बसल्या बसल्या विषय काढला. मेहुणे शांतपणे म्हणाले, “दाजी, आमच्या उसाला दर मिळाला, तुमचं ॲव्हरेज घटलं. घरातल्या घरात फिटलं की!” आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली.

याच मेहुण्यांकडे मुलीचा साखरपुडा निघाला आणि नेमकं त्याआधी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही, प्रवास नको, खाली वाकायचं नाही असं सांगितलं. काकू म्हणाल्या, मी जाते, पुण्यातल्या माझ्या दोघी बहिणींना घेऊन. काकांनी डोळ्याला काळा चष्मा लावून पंपापर्यंत सोबत केली, पिवळा पट्टा गाठून घेतला, वाकता येत नव्हतं म्हणून पोराकडूनच झिरो मोठ्याने वाचून घेतला आणि सूचना दिल्या. टायरमध्ये हवा बघ. एसी खंबाटकीनंतरच लाव. वजन कमी ठेव. काकूंनी हो म्हटलं, काच वर केली आणि एसी लावला.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. येताना सरळ काकांच्या पंपावर गेल्या, काकांच्या मशीनला लागल्या आणि पोराने “काका नाहीत?” असं विचारत सवयीने खटक्याला हात काढून घेतला. चाललेले किलोमीटर ४३८, भरलेलं पेट्रोल १९.९३ लिटर. काकांनी दोनदा भागाकार केला. २१.९८.

काकांचा स्वतःचा विक्रम २०.६१ आहे. तोही नगर रस्त्याला, पहाटे चारला निघून, मे महिन्यात, एसी बंद, काचा बंद, काकूंना घरी ठेवून.

चौकशी बराच वेळ चालली. एसी? “पूर्ण वेळ.” हवा? “राहिली बघायची.” डिकीत काय होतं? “जाताना आहेराची भांडी, येताना दादाने दिलेला गूळ.” किती? काकूंनी गुळाचं वजन सांगितलं तेव्हा काका खुर्चीत बसले. मग वेग किती ठेवला होतास? “सत्तर. ट्रकची भीती वाटते बाई मला. डाव्या बाजूने आपलं गप्पा मारत गेलो.”

खरं तर उत्तर तिथेच होतं. सत्तरऐवजी शंभरने गेलं की हवेचा विरोध दुप्पट होतो. हायवेला इंजिनवर एवढा भार असतो की एसीचा वाटा त्यात किरकोळ. एका वेगाने, ब्रेक न मारता, कुणाशी चुरस न करता चालवलेल्या गाडीला सांगण्यासारखं दुसरं काही नसतं. काका गाडी चालवताना दर मिनिटाला स्क्रीनवरचा आकडा बघतात, तो वाढावा म्हणून पाय उचलतात, मग मागे पडलो म्हणून पाय दाबतात, आणि पुढे एसटी असली तर तिला मागे टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी हे त्यांना सांगणार होतो, पण काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी काका पंपावर जाऊन आले. पिवळा पट्टा नव्याने रंगवलाय का, मशीन बदललंय का, त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं. काही हाती लागलं नाही. संध्याकाळी वही उघडून त्यांनी सगळे रकाने सुंदर अक्षरात भरले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नोंद संशयास्पद. एकूण सरासरीत धरलेली नाही.’ खाली सही.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला, काकांच्या खांद्यावरून वाकून शेरा वाचला, सही वाचली.

“अहो, एवढं कशाला?” त्या म्हणाल्या. “मंजूर ॲव्हरेज किती आहे ते आधीच सांगून ठेवत जा ना. मी मोजून तेवढंच आणत जाईन.”